दळा म्हणणारं नाक

"हळू घे श्वास. घाईत घेतलेला वास खोटं बोलतो."

लेक एवढीशी असताना बाबांनी तिचा हात कोपरापर्यंत मक्याच्या पोत्यात घातला होता आणि आतली मूठ वर काढून तिच्या नाकाशी धरली होती. त्या मक्याला उन्हाचा वास होता. दुसऱ्या पोत्यातल्या मुठीला मात्र बंद खोलीचा, ओल्या भिंतीचा. "ही बुरशी," बाबा म्हणाले होते. "हिच्यातून विष उतरतं दाण्यात. कोंबडीला काही सांगता येत नाही बिचारीला, म्हणून आपण आधीच विचारून घ्यायचं."

पोल्ट्रीवर पुढेही तीच रीत राहिली. मक्याची गाडी आली की बाबा प्रत्येक पोत्यात हात घालणार, मूठ नाकाशी नेणार आणि एकच शब्द बोलणार, "दळा" किंवा "परत". व्यापारी त्यांच्या नाकाला वचकून असत. "नाक कसलं, कोर्ट आहे ते," म्हणत आणि भिजका माल दुसऱ्याच्या दारी उतरवत.

आई गेली आणि त्याच थंडीत बाबा तापानं पडले. ताप उतरला, पण उतरताना नाकातलं सगळं पुसून घेऊन गेला. बाबांनी हे कुणाला सांगितलं नाही. लेकीला ते दुधानं सांगितलं. एका सकाळी ती गावातल्याच सासरहून आली तेव्हा गॅसवरचं दूध करपून भांडं काळं पडलं होतं, वास दारापर्यंत आला होता आणि बाबा शेजारीच शांतपणे पेपर वाचत बसले होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आईमागे त्यांच्यापाशी तेवढं एक नाकच तर उरलं होतं. तेही काढून घ्यायला तिची जीभ रेटेना.

मग ती त्यांच्या मागून फिरू लागली. बाबा "दळा" म्हणून वळले की तीच पोती पुन्हा हुंगायची. एखादं वाईट निघालं की दळणकाकांकडे बघून भुवई उडवायची. दळणकाका तिच्या जन्माआधीपासून इथलं खाद्य भरडत आलेले. आयुष्यभराची भरड नाकात बसून त्यांना स्वतःला वासाचं काही कळत नसे, पण भुवई बरोबर कळे. ते पोतं गुपचूप मागच्या खड्ड्यात जाई.

"ताई, तुमच्या भुवईला हल्ली फार काम पडतंय," एवढंच ते एकदा म्हणाले. दोघं हसले आणि लगेच कामाला लागले.

पुढे तिच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला दवाखान्यात राहावं लागलं. नेमकी तेव्हाच गाडी आली. बाबांनी मूठ नाकाशी धरली, हळू श्वास घेतला आणि म्हणाले, "दळा."

ती परतली तेव्हा पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात गोळा झाली होती. खाद्याची भांडी भरलेलीच. मग पिल्लं मरायला लागली. सकाळी उचलावीत तर दुपारी पुन्हा तेवढीच. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक मेलेलं पिल्लू उघडलं. लिव्हर पिवळं पडलेलं, बोट लावताच कुसकरत होतं.

"बुरशीचं विष. खाद्य आत्ताच्या आत्ता काढा. चांगलं खाद्य आणा, त्यात विष बांधून ठेवणारी पूड घालू. पण ज्यांचं लिव्हर गेलंय ती नाही वाचायची." त्यांनी हातमोजे काढले. "मका तपासला नव्हता?"

"मी स्वतः तपासला होता," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई गेल्या आणि बाबा दळणकाकांकडे वळले. "माझ्या पसंतीची पोती कुणी बदलली?"

"कुणी नाही, मालक."

"मग माझं नाक खोटं?"

दळणकाकांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तसं."

"उद्यापासून येऊ नकोस."

काकांनी खिळ्यावरचा सदरा काढला, झटकला, अंगात घातला. "यंत्राचा पट्टा सैल झालाय ताई," ते म्हणाले. "तेवढा आवळून घ्या. आणि झाकण लावताना बोटं सांभाळा."

काका दाराशी पोचले. आपण आत्ता गप्प बसलो तर हा माणूस चोराचा शिक्का घेऊन घरी जाणार, हे लेकीला कळत होतं. आणि बोललो तर बाबांचं काय होणार, तेही. शेडमध्ये उरलेली पिल्लं बारीक आवाजात चिवचिवत होती.

"बाबा, काकांनी काही केलं नाही. तुम्हाला वास येत नाही." ती काकांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "मला कधीचं माहीत आहे. तुमच्यामागून मी पोती काढत होते. या वेळी मी नव्हते."

बाबा पोत्यावर बसले. कितीतरी वेळ हाताला चिकटलेली भरड चोळत राहिले.

"थांब रे," ते दाराकडे न बघता म्हणाले. "सदरा काढ. कुठं नाही जायचं तू."

मग लेकीला म्हणाले, "तुझ्या आईची शाल आहे ना माझ्यापाशी. ताप उतरला तेव्हा आधी तीच नाकाला लावली. काहीच नाही आलं गं. नाक गेलं असं तोंडानं म्हटलं असतं, तर त्या शालीतूनही तुझी आई गेली असती. म्हणून म्हणत राहिलो, येतोय वास. शालीलाही तेच म्हटलं. मक्यालाही तेच."