सदतिसाव्या रांगेतलं भोक

मी पुठ्ठ्याचा एक तुकडा आहे. पातळ, फिकट पिवळा, एक कोपरा मुद्दाम कापलेला. कचेरीत मला पंचकार्ड म्हणत. पुण्यात संगणक नावाचं यंत्र आहे. त्याला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, भोकं वाचता येतात. म्हणून माणसाची माहिती माझ्या अंगावर भोकं पाडून साठवायची आणि मला त्या यंत्राला भरवायचं. एका कार्डावर एक माणूस. माझ्या वाट्याला पारूबाई आली.

१९७६ साली खोक्यात बसून मी सांगलीच्या एका कचेरीत आलो. तेव्हा कवठे महांकाळ भागात महारोगाची पाहणी नुकतीच झाली होती. डॉक्टरांनी गावोगाव माणसं तपासून कागदी तक्ते भरले होते. ते बघून भोकं पाडायचं काम विजयमालाकडे होतं.

पारूबाई आपल्या गावच्या बालवाडीत पोरांसाठी सुकडी शिजवायची. उकळतं पातेलं उतरवताना भाजल्याचा एक पांढरा डाग तिच्या हातावर होता. महारोगाचा डाग बधिर असतो, टोचलेलं कळत नाही. डॉक्टरांनी त्या डागावर सुई टोचली, तिला दुखलं, आणि त्यांनी लिहिलं, 'रोग नाही'. म्हणजे माझ्या सदतिसाव्या उभ्या रांगेत शून्याच्या आकड्यावर भोक पडायला हवं होतं. त्या दिवशी वीज सारखी कमीजास्त होत होती, विजयमालाचं भोकं पाडायचं यंत्र अडकत होतं. भोक पडलं शेजारच्या एकावर. एक म्हणजे रोग आहे.

खरं तर प्रत्येक कार्ड दुसऱ्या मुलीनं पुन्हा ताडून बघायचं, असा नियम होता. पण पुण्याची गाडी दारात उभी होती. आज यंत्र नीट चालत नव्हतं, निदान आजचा गठ्ठा तरी तपासू या, असं विजयमालानं साहेबांना विनवलं. साहेब म्हणजे आप्पासाहेब.

ते म्हणाले, "अहो, चार हजार कार्डं आहेत. एका भोकानं काय आभाळ कोसळतंय?"

पुण्यात मला वाचायला यंत्राला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. परत येऊन मी कपाटात निवांत पडलो. मला कशाचीच कल्पना नव्हती.

चार महिन्यांनी पारूबाई कचेरीत आली. सोबत तिचा लोणंदचा भाऊ नाथाजी, पलटणीतून निवृत्त झालेला. तिनं सांगितलं ते मी कपाटातून ऐकलं. पुण्याच्या यंत्रानं छापलेली रोग्यांची यादी गावच्या चावडीवर वाचली गेली. दुसऱ्या दिवसापासून आयांनी पोरं पाठवणं बंद केलं, मग तिचंच काम सुटलं. आडावर बायका तिची घागर पायानं बाजूला सारू लागल्या. लेकीचं, लीलाचं, ठरलेलं लग्न मोडलं.

तिनं हात टेबलावर ठेवला. "सायेब, सुई टोचा. दुखलं न्हाई तर मी गपगुमान जाते."

आप्पासाहेबांनी खुर्ची मागं सरकवली. यंत्र चुकत नसतं, डॉक्टरांना विचारा, म्हणाले. डॉक्टरांची बदली झाली होती. नाथाजीनं मूळ तक्ता मागितला. तो रद्दीत गेला होता. आप्पासाहेबांनी मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. सगळं कार्डावर आलं, मग कागद कशाला ठेवायचे?

नाथाजी हळूच म्हणाला, "म्हंजे डाक्टर न्हाई, कागूद न्हाई. समोर बसलेली बाई बी न्हाई. ह्यो पुठ्ठाच तेवढा खरा?"

तेव्हा विजयमाला उठली. पदराची पिन काढून तिनं पारूबाईच्या त्या डागावर टोचली. पारूबाईनं झटकन हात ओढला. विजयमालाचा चेहरा उतरला.

"साहेब, कार्ड चुकलंय. माझ्याच हातचं आहे."

नवी तपासणी झाली, नवं कार्ड झालं, नवी यादी छापली. या सगळ्याला आठ महिने गेले. तीही यादी चावडीवर वाचली. लोक म्हणाले, औषध लागू पडलेलं दिसतंय. बालवाडीत दुसरी बाई आली होती. लीलाच्या नवऱ्यामुलाचं दुसरीकडे लग्न होऊन गेलं होतं. पारूबाईनं घराला कुलूप घातलं आणि लेकीला घेऊन लोणंदला निघाली. वाटेत सांगलीला येऊन तिनं मला मागून घेतलं. आप्पासाहेबांनी बिनतक्रार दिलं. निकामी वस्तू, ठेवून करायचं काय?

आता मी नाथाजीच्या घरी फळीवर असतो. लीलाला बघायला पाहुणे आले की पारूबाई मला खाली काढते, त्यांच्यापुढं ठेवते आणि भोकावर बोट ठेवून सांगायला लागते, चूक कशी झाली ते. नाथाजी दर वेळी तिला म्हणतो, कशाला दाखवतीस. ती म्हणते, "खरं हाय ते सांगायला भ्यायचं कशाला?"

पाहुण्यांना भोक समजत नाही. महारोग हा शब्द तेवढा समजतो. गेल्या रविवारी फलटणकडची चार माणसं आली होती. चहाला न शिवताच उठली. लीला कप उचलून आत गेली. पारूबाई अजून मला हातात धरूनच उभी होती.

बाई, तुझं खरं आहे. पण माझ्यापुढं ते कुणी ऐकणार नाही. मला चुलीत घाल. मी लगेच पेट घेईन.