लार्के की गोक्यो

अकरा वर्षं मी डम्बर सरदारची, आम्हा हमालांच्या म्होरक्याची, ओझी वाहिली. या अकरा वर्षांत त्या माणसानं मला चहासुद्धा विचारला नव्हता. "उद्या सहाला बसतळावर ये," एवढाच निरोप यायचा. डोंगर कुठला, परदेशी पाहुणे कुठले, हे गाडी सुटल्यावर कळायचं. यंदा कार्तिक लागला तसं त्यानं मला काठमांडूत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, मोमोची बशी पुढं सरकवली आणि म्हणाला, "आसबहादूर, दोन टोळ्या निघतायत. एक गोक्योच्या तळ्यांकडं, एक लार्के खिंडीवरून. कुठली घेतोस?"

मी बशी बाजूला सारली.

"गोक्यो घे," तोच पुढं म्हणाला. "गरम खोल्या आहेत. ओझं नको उचलू, तुला माझा मदतनीस करतो. पाहुण्यांच्या मागं हात हलवत चालायचं."

"आणि लार्केला?"

"लार्केला काय ठेवलंय? वारा."

लार्केला माझा थोरला भाऊ मेला होता. मागच्या कार्तिकात, ह्याच सरदारच्या टोळीत. आम्हाला सांगितलं ते असं, की हर्कमान दाजू खिंडीखालच्या धर्मशाळा नावाच्या तळावरून दारूसाठी एकटाच साम्दो गावाकडं उतरला आणि बर्फात पडला. प्रेत घरी आलं तेव्हा अंगात नुसता सदरा, पायात रबरी चपला. जॅकेट कुठाय विचारलं, तर म्हणे थंडीनं मरणारा माणूस शेवटी कपडे काढून फेकतो. फेकत असेल. पण बूट काढून चपला घालतो का?

दाजू प्यायचा, हे खरं आहे. म्हणून सगळ्यांना लगेच पटलं. पिणाऱ्या हमालाबद्दल काहीही सांगा, लोकांना पटतं.

मी दाजूच्या बायकोकडं गेलो. सुकमाया भाउजू अंगणात कोदो पाखडत होती.

"गोक्योला जा," ती म्हणाली.

मी अजून काहीच बोललो नव्हतो. "तुला कसं कळलं? सरदार आला होता?"

"आला होता. पोरांना बिस्किटं आणली. आयुष्यात पहिल्यांदा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, धाकट्याला समजव." तिनं सूप आपटलं. "समजावलं. माझं काम झालं. आता तू लार्केला जा."

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला तिचाही संशय येत होता.

सरदारला 'लार्के' म्हणालो. तो हसला. "भावासारखाच हट्टी. बरं बाबा. तिथंही मदतनीसच हो." याचं मला जास्त भय वाटलं.

नऊ दिवस वर चढत होतो. झुलत्या पुलावर मी सरदारकडं पाठ केली नाही. त्यानं घोट घेतल्याशिवाय चहा प्यालो नाही. मी शेकोटीला जाऊन बसलो की हमाल गप्प व्हायचे. टोळीचा आचारी पूर्णे मागच्या वर्षीही होता, दाजूच्या चितेपाशी हमसून रडला होता. तो रोज माझ्या भातावर अंडं ठेवायचा. का ठेवतोस विचारलं तर म्हणायचा, "खा रे, मदतनीस झालास." मी मनात सगळं रचून पाहिलं. धक्का दिला असेल, दारूत काही घातलं असेल, पत्त्यांवरून भांडण झालं असेल.

नवव्या दिवशी दुपारी धर्मशाळेला पोचलो. ढग खिंडीवरून खाली येत होते, बर्फाची भुरभुर चालू झाली होती. सरदारनं शिधा बघितला आणि मला हाक मारली.

"तांदूळ, रॉकेल संपत आलं. दोन ओझी कमी झाली. चित्रे आणि जुठेला सुट्टी दे. साम्दोला जातील अंधाराआधी."

हे नेहमीचंच. शिधा संपला की हमाल सुटतो. मीही कितीदा असा वाटेत सुटलो आहे.

"आणि जॅकेट, बूट जमा करून घे," तो म्हणाला. "कंपनीचे आहेत. सुट्टी झाली की वस्तू परत."

मी चित्रेच्या पायातल्या बुटांकडं बघितलं.

"काय बघतोस? मदतनीसाचं कामच आहे ते."

पूर्णे चुलीपाशी वाटाणे निवडत होता. मी त्याच्यापुढं जाऊन बसलो. "मागच्या वर्षी हे काम कुणाकडं होतं?"

त्यानं मूठभर वाटाणे पातेल्यात टाकले.

"पूर्णे, कुणाकडं होतं?"

"मी फक्त गोळा केले," तो म्हणाला. "सगळेच देतात, आस. कुणी नाही म्हणतं का? हर्कमानही हसत काढून देत होता. म्हणाला, सरदारला सांग, डाग नाही पाडला."

"प्याला होता?"

"कशाचा पितो? इथं दारू कुठली?"

मी वर्षभर खुनी शोधत होतो. खून करायला निदान राग तरी लागतो. इथं कुणाला रागही आला नव्हता. आणि मी स्वतः, सुटलो त्या प्रत्येक वेळी, बूट पुसून परत दिले होते, वर हात जोडून.

बाहेर चित्रे तामाङ, पन्नाशीचा माणूस, न सांगताच जॅकेटची चेन उघडत होता. जुठे खाली बसून नाड्या सोडत होता.

"घाला परत," मी म्हणालो.

"पण सरदार..."

"घाला म्हणतो ना! आणि चला, मीही येतो."

सरदार दारात आला. "आसबहादूर! कंपनीचा माल आहे तो! तू चोर ठरशील, कळतंय का? पुन्हा कुठल्याच डोंगरावर उभा करणार नाही कुणी!"

"माझ्या घरी काय सांगशील?" मी विचारलं. "मीपण दारू प्यायला उतरलो म्हणून?"

त्याच्या मागं पाहुणे येऊन उभे होते. त्यांना भाषा कळत नव्हती. तरी त्यातली एक बाई जुठेच्या सुटलेल्या नाड्यांकडं बघत होती, मग सरदारकडं बघू लागली. सरदार एकदम आवाज उतरवून हसला.

आम्ही तिघं उतरलो. बर्फ वाढला होता, वाट कशीबशी दिसत होती. तासाभरानं चित्रे थांबला.

"भाई, माल तर आणलास. आता आम्हाला काम कोण देणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "चेन वर ओढ."