सुईवाली

बडबडी, आमच्या वॉर्डातली चिमुरडी, गेल्यानंतर समुपदेशक बाईंनी तिच्या आईवडिलांना आणि आम्हा सिस्टरांना एकत्र बसवलं. मुलांच्या वॉर्डामागच्या चहाच्या खोलीत, खुर्च्या गोल मांडून. मनं मोकळी करायची म्हणे.

आई आली ती थेट नव्या सिस्टरच्या गळ्यात पडली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बडबडी गेली तेव्हा नवीला येऊन जेमतेम आठवडा झाला होता! तिला वर्षभर सांभाळलं ते मी. कुणाला तिची शीर सापडत नसे, ती मला सापडायची. औषध थुंकायची तेही माझ्याच अंगावर. आणि आईनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला त्या नवीचा हेवा वाटला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांना वाटलं, मी दुःखानं रडतेय.

"तुम्हाला काही बोलायचंय?" त्यांनी आईला विचारलं.

"ह्यांच्याशी," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी दाराबाहेर उभी होते. माझं लेकरू शेवटी 'सिस्टर' म्हणून ओरडलं. 'आई' नाही म्हणालं. ह्यांचं तोंड बघितलं की जळफळाट होतो माझा."

ती हाक मी जिवापाड जपली होती. नवीकडे ती नव्हती, कुणाकडेच नव्हती. मी गप्प बसले असते, तर माझीच राहिली असती.

"अहो, आमच्याकडे नियमच आहे," मी म्हणाले. "सुई टोचताना आईला बाहेर पाठवतो. दुखवायचं आम्ही, जवळ घ्यायचं आईनं. दुखलं की ती माझ्या नावानं शंख करायची. त्या दिवशीही माझ्या हातात सुईच होती. ती मला बोलवत नव्हती हो, थांब म्हणत होती."

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चिडायची तुमच्यावर?"

"चिडायची? नाकात दम आणायची! 'आईला तुझं नाव सांगीन' म्हणायची, रोज."

"सांगायची ना!" आईला हसूच फुटलं. "'सुईवाली दुष्ट आहे, तिला आपल्या घरी बोलवायचं नाही' म्हणायची."

हे मला माहीत नव्हतं.

हसता हसता आईला रडू कोसळलं, आणि ती वळून पुन्हा नवीच्याच खांद्यावर पडली. मी पुढे केलेला हात मागे घेतला आणि सगळ्यांसाठी चहा ओतायला उठले.