क्लिक आणि उजेडाच्या मध्ये

ताईचं काम लोकांना समजावून सांगणं म्हणजे एक दिव्यच होतं. संगणकाचे पडदे बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर उशीर मोजायची. माऊसचं बटण दाबल्यापासून गेममधली बंदूक पडद्यावर चमकेपर्यंत जो वेळ जातो, तो उशीर. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी, पण गेम खेळणारे तो कमी करण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात.

"अगं, दाबलं की होतं की लगेच. त्यात मोजायचं काय?" आईने एकदा विचारलं होतं.

"लगेच म्हणजे किती लगेच, ते मोजायचं."

"आणि दर वेळी तेवढंच येतं?"

"नाही ना. थांब्यावर गेलीस तर कधी बस समोर उभी असते, कधी नुकतीच गेलेली असते. तसंच पडद्याचं. तो आपल्या ठेक्यात चित्र बदलत असतो. आपलं क्लिक मध्येच कुठेतरी पोचतं. म्हणून पुन्हापुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची."

"आणि याचा पगार देतात," आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

ताईचा धाकटा भाऊ मात्र असं काही विचारत नसे. घरात तो बंड्या, पण गेमच्या जगात त्याला ससाणा म्हणत. पाच जणांच्या संघात तो सगळ्यात पुढे घुसणारा. समोर कोण आलं हे बाकीच्यांना कळेपर्यंत ह्याची गोळी सुटलेली असायची. तोच बंड्या एका रविवारी दुपारी घरी आला, जेवला नाही, आणि ताईच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"तुझं ते मोजायचं यंत्र घेऊन ये ना आमच्या खोलीवर. माझा पीसी मार खातोय."

"कशावरून?"

"मास्तर म्हणतात मी उशिरा मारतो. मी नाही गं, मशीन मारतंय उशिरा. मला हाताला कळतं."

मास्तर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. फार बोलत नसत, त्यामुळे जे बोलत ते जिव्हारी लागायचं. स्पर्धा तोंडावर आली होती आणि बंड्याच्या जागी दुसऱ्याला खेळवायचं त्यांच्या मनात घोळत होतं.

शनिवारी सकाळी ताई पिशवी घेऊन संघाच्या खोलीवर गेली. फर्निचरच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली, एका रांगेत पाच टेबलं, हातांवरचं रेक्झिन सोललेल्या खुर्च्या, आणि जमिनीवर चिकटपट्टीने दाबून टाकलेल्या वायरी. तिने बंड्याच्या माऊसचं झाकण उघडलं, बटणाखालच्या स्विचला दोन बारीक तारा डाग देऊन बसवल्या आणि त्या आपल्या यंत्राच्या डबीला जोडल्या. डबीचीच, उजेड ओळखणारी एक टिकली रबरी कपाने पडद्यावर चिकटवली, बरोबर बंदूक चमकते त्या जागी. बटण दाबलं की डबीतलं घड्याळ सुरू, पडदा उजळला की बंद.

ती दाबत राहिली. आकडे येत गेले. मग तिने तेच शेजारच्या टेबलावर केलं. दोन्हीकडची सरासरी सारखीच आली. उलट बंड्याचं मशीन केसभर पुढेच होतं.

"परत मोज," बंड्या म्हणाला.

तिने परत मोजलं. माऊस बदलून मोजलं, खुद्द गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा ठेका तपासला. कुठेच काही नव्हतं. बंड्या पाठीमागे उभा होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता आणि ते तिला पडद्याच्या काळ्या काचेत दिसत होतं.

तिच्या मनात आलं, एखादी सेटिंग उगाच बदलावी आणि म्हणावं, हे बघ, सापडलं. तिने प्रयोगशाळेत हे पाहिलं होतं. पडदा नवा आहे एवढं सांगितलं की तोच जुना पडदा लोकांना वेगवान वाटायचा. बंड्या निदान आठवडाभर तरी हवेत तरंगला असता. पण मग पुढे काय? पुन्हा हाताला काहीतरी 'कळलं' असतं, आणि तेव्हा बहिणीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायची सोयही राहिली नसती.

"मशीन ठीक आहे, बंड्या."

"म्हणजे मी म्हातारा झालो."

"सव्वीस वर्षांचा म्हातारा! बस इथे. आता तुला मोजते."

तिने पडदा काळा केला. तो पांढरा झाला की बटण दाबायचं, एवढंच. बंड्या बसला आणि दाबत राहिला. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलाने दाबलं. बंड्या त्याच्यापेक्षा चपळ निघाला. त्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"मशीन ठीक, मी ठीक. मग मास्तर खोटं बोलतात का?"

 ताई घरी आली तरी तोच प्रश्न डोक्यात. मास्तरही बरोबर आणि आकडेही बरोबर, हे कसं? मग तिच्या लक्षात आलं, की काळ्याचा पांढरा होणाऱ्या पडद्यासमोर माणसाला काही ठरवावंच लागत नाही. उजेड दिसला की दाबलं. गेममध्ये मात्र आधी ओळखावं लागतं.

साहेबांना विचारून तिने प्रयोगशाळेतला वेगवान कॅमेरा आणला. एका सेकंदात हजार चित्रं टिपणारा. बंड्याचा हात आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा तो लावला, आणि सरावाचा सामना होऊ दिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, पोळीचा डबा बाजूला सारून, ती ते चित्रण सावकाश बघत बसली.

मोकळ्या मैदानात शत्रू दिसला की बंड्याचा हात वळायचा आणि बोट खाली जायचं, सगळं एका झटक्यात. पण धुरातून कुणी बाहेर आलं, की हात तितक्याच वेगाने वळायचा, नेम अचूक लागायचा, आणि बोट वर. तसंच, अधांतरी. चित्रामागून चित्र सरकत होतं आणि बोट वरच. मग कुठे ते खाली यायचं.

ताईने डबा झाकला. तिला भूक राहिली नव्हती.

मागच्या स्पर्धेचा अंतिम सामना तिने आणि आईने घरी बसून पाहिला होता. धुरातून एक आकृती आली, ससाण्याने गोळी झाडली आणि पडद्यावर एकदम सामसूम झाली. "आपलाच होता का गं तो?" आईने विचारलं होतं. आपल्याच संघातला होता. तिथून सामना हातचा गेला. बंड्या घरी आल्यावर कुणी विषय काढला नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून.

संध्याकाळी तिने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.  त्याने एकदा पाहिलं, मागे नेलं, परत पाहिलं.

"हे माझं बोट आहे?"

"तुझंच."

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाला, "मला वाटतं आपलाच असेल. दर वेळी वाटतं. मला कळतसुद्धा नाही मी थांबतोय ते."

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"कुणीच काही बोललं नाही गं. पोरांनी पाठ थोपटली. मास्तर म्हणाले, चालायचंच. तूसुद्धा शेजारी बसून जेवलीस आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्यास. शिव्या घातल्या असत्यात ना, तर एव्हाना विसरलो असतो."

 आपण मायेने गप्प बसलो, असं ताई समजत होती.

"घालू का आता?" तिने विचारलं.

बंड्या हसला. डोळे पुसत हसला. "याला काही सेटिंग असते का गं?"

"नाही रे. असती तर बदलून दिली असती."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मास्तरांना चित्रण दाखवलं. ते बघून मास्तरांनी चष्मा पुसला. "थांबून बघणारा माणूस मला पुढे नको," ते म्हणाले. बंड्याने मान खाली घातली. "मागे बस. कोण कुठे आहे ते बघ, आणि बाकीच्यांना सांगत जा. इतकी वर्षं तिथे बसायला कुणी मिळत नव्हतं."

बंड्याला ते लागलं. मागे बसणं म्हणजे ससाण्याचे पंख कापणं, असं तो आईला म्हणाला. दोन दिवस खोलीवर गेला नाही. तिसऱ्या दिवशी आईने घरातली त्याची खोली झाडायला घेतली आणि त्याला उठवलं, तेव्हा नाइलाजाने गेला.

स्पर्धेत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि तिथे हरला. बंड्या घरी आला तो घसा पूर्ण बसलेला. कोण कुठे आहे ते सामनाभर ओरडून ओरडून सांगताना आवाजच गेला होता. आईने कोमट पाण्यात मीठ घालून पेला त्याच्या हातात दिला आणि गुळण्या होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद दिली.

त्याने दोन गुळण्या केल्या, पेला खाली ठेवला आणि ताईला जवळ ओढलं. मग कुजबुजत, हातवारे करत, टेबलावरची मीठदाणी आणि वाट्या इकडून तिकडे सरकवत, तो तिला सामना पहिल्यापासून सांगायला लागला.