उतारावरचं तिकाटणं

मी एक तिकाटणं बोलतोय. तीन काठ्या, एक दोरा आणि दोऱ्याला लटकवलेला लोखंडी नट, एवढाच माझा संसार. दोन काठ्या पाय फाकवून उभ्या, तिसरी कमरेला आडवी. दोरा डोक्यापासून खाली लोंबतो. तो आडव्या काठीवरच्या खुणेवर आला, की समजायचं माझे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत. मला आयुष्यात एवढंच कळतं. पण जे कळतं ते पक्कं कळतं आणि त्यात मी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

मला एका मुलीने बनवलं. मुलगी म्हणजे चांगली तिशी उलटलेली बाई, पण बापाच्या लेखी मुलगीच. मोडक्या शिडीच्या दोन दांड्या माझे पाय झाले, जुन्या झाडूचा दांडा कंबर झाला आणि नट तिने बापाच्या ट्रॅक्टरच्या डब्यातून न विचारता उचलला.

बाप म्हणजे दोरीकाका. त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. शेत टेकडीच्या उतारावर, खाली तळं. नांगराने मातीत ओढलेल्या रेघेला तास म्हणतात. काकांसारखा सरळ तास आसपास कुणाचा नव्हता. माथ्यावरून ट्रॅक्टर सोडायचा, तळ्याकाठच्या एका झाडावर नजर लावायची आणि दोरी ताणल्यासारखी रेघ थेट खाली. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. काका लक्ष नसल्यासारखं दाखवायचे, पण कान टवकारलेले असायचे.

पाऊस आला की पाणी त्याच सरळ रेघांतून धावत सुटायचं आणि जाताना माती नि खत सोबत न्यायचं. काकांना हे दिसत नव्हतं असं नाही, त्यांनी त्याचा अर्थच भलता लावला होता. कुंपणाच्या खांबाचा बुडखा पुरण्याआधी डांबराने रंगवतात. तो काळा भाग आता वीतभर उघडा पडला होता. काका दरवर्षी मोठा हातोडा घेऊन ते खांब पुन्हा आत ठोकत बसायचे.

"खांब वर येतात गं," ते मुलीला म्हणाले. "जमीन ढकलते त्यांना."

"खांब जागेवरच आहेत, बाबा. जमीन खाली गेलीय."

"जमीन कुठे जाईल? तिला काय पाय आहेत?"

मग तिने मला पुढे केलं. माझा दोरा दाखवेल तिथे खुंट्या ठोकायच्या आणि त्या ओळीने, उताराला आडवा नांगर चालवायचा, म्हणजे पाणी प्रत्येक तासात अडेल. टेकडी जशी वळेल तशी रेघ वळणार. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात न बोलावता शिरलेला पाहुणा आहे.

"चाळीस वर्षं सरळ तास मारला मी. आता सापासारखा वळवू? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

माझी रवानगी गोदामाच्या कोपऱ्यात झाली. तिथे कोंबड्या माझ्या कमरेवर बसायच्या. त्यांनी माझ्या खुणेचा कसा मान राखला ते सांगण्यासारखं नाही. पण मला खरं वाईट वाटायचं ते मुलीचं. ती रोज दारातून एकदा डोकावायची आणि निघून जायची.

शेवटी मुलीच्या आईने तोंड उघडलं. घरात प्यायला पाणी तळ्यातून यायचं आणि ती ते फडक्याने गाळायची. एका सकाळी तिने गाळून झालेलं फडकं काकांच्या चहाशेजारी पसरलं. त्यावर चिखलाचा जाड थर होता.

"पूर्वी एकदा गाळायचे. आता तीनदा गाळते, तरी पोरीला म्हणते उकळून पी. ही माती ओळखीची वाटते का बघा."

काकांनी चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली.

"आपल्या वरच्या पट्ट्यातली आहे," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

ते तडक माझ्याकडे आले. मला पुसलं आणि लगेच मुलीवर ओरडले, "ही काय गाठ झाली? दोरा सरकतोय!" गाठ नव्याने बांधली. मग त्याच जागी मला उलटं फिरवून, एका पायाच्या जागी दुसरा ठेवून, दोरा पुन्हा खुणेवरच येतो का ते तपासलं. खूण बोटभर चुकली होती. ती खरवडून त्यांनी चाकूने नवी कोरली. माझी खरी खूण त्यांच्या हातची आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तीन दिवस बापलेक मला पावलापावलाने शेतातून फिरवत होते.

"डोळ्याला इथे वाटतंय."

"दोरा तिथे म्हणतोय, बाबा."

"दोऱ्याला विचारलं कुणी?"

पण खुंटी दोरा म्हणेल तिथेच ठोकली जायची.

नांगरणीच्या दिवशी शेजारी कुंपणाला टेकून उभा राहिला. "काय दोरीकाका, आज ट्रॅक्टर घसरतोय वाटतं!" काकांचे कान लाल झाले. त्यांनी मान वर केली नाही, स्टिअरिंग घट्ट धरून खुंट्यांच्या मागे जात राहिले. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसले. मुलीला म्हणाले, "आज पहिल्यांदाच मागे वळून बघवलं नाही गं." मला हात असते तर मी त्यांच्या पाठीवरून फिरवले असते.

दोन आठवड्यांनी मोठा पाऊस झाला. सकाळी मुलीने त्यांना ओढतच शेतात नेलं, मी तिच्या खांद्यावर होतो. शेजाऱ्याच्या शेतातून गढूळ लोट रस्त्यावर येत होता. आमच्याकडे प्रत्येक वळलेल्या तासात पाणी उभं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे सारखंच खोल. काका खाली बसले. पाण्यात बोट बुडवून बघितलं, चार पावलांवर पुन्हा बुडवलं.

"अगं, हा तर सरळ आहे," ते म्हणाले. "पाण्याला विचार. सरळच आहे हा." आणि ते लहान मुलासारखे रडले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आई पाणी एकदाच गाळते. काकांना मात्र दिसेनासं झालंय. परवा तोच शेजारी डोकं खाजवत दारात आला.

"काका, तुमचं ते तिकाटणं दोन दिवस मिळेल का?"

"मिळेल. पण त्याच्यासोबत मीही येणार."

त्याच्या उतारावर काकांनी माझा एक पाय धरला, मुलीने दुसरा.

"दोरा कुठे आहे?"

"मधोमध, बाबा."

"बोटभर इकडेतिकडे नाही ना?"

"नाही."

"मग ठोक खुंटी."

माझे पाय आता झिजलेत, एकाला वाळवीही लागलीय. फार दिवस उभं राहता येईल असं वाटत नाही. माझ्यासारखा दुसरा बनवायला तुम्हाला एक सकाळ पुरेल, तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका. एकच मागणं आहे. मोडलो की मला चुलीत घालू नका. उतारावर आडवा टाका. ओंजळभर माती तरी अडवीन.