दोन बोटांवरचं विमान

उपासनींच्या नोएडातल्या घरात नवी वस्तू आली की तिची दोनदा नोंद व्हायची. एकदा देवापुढे आणि एकदा विश्वासरावांच्या नावावर. स्कूटर, फ्रिज, केबल टीव्हीचा रिमोट, सगळ्याला हळदकुंकू लागलं आणि सगळं त्यांच्या मुठीत गेलं. वाचून झालेला पेपरसुद्धा ते घडी घालून मांडीखाली ठेवत. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेलेली कल्पनाने पाहिली नव्हती.

ग्लायडरही आलं ते त्यांच्याच नावाने. त्यांचा भाऊ विश्वजित कंपनीच्या कामाने सिंगापूरला गेला होता. येताना त्याने मोठा खोका आणला. वर पांढऱ्या विमानाचं चित्र, आत हलक्या बाल्सा लाकडाच्या फळ्या, नकाशा, आणि काळा रेडिओ रिमोट. इंजिन नाही. वाऱ्यावर तरंगायचं आणि जमिनीवरून रिमोटवरच्या दोन काठ्यांनी वळवायचं. पाच वर्षांपूर्वी, परदेशी मालावर बंधनं होती तेव्हा, असला खोका विमानतळावरच अडकला असता. आता कस्टमवाला नुसता हसला म्हणे.

विश्वासरावांनी आठ दिवस उत्साह दाखवला. पंखाच्या दोन फासळ्या उलट्या चिकटवल्या, ब्लेडने अंगठा कापून घेतला आणि "सामान निकृष्ट" असा सरकारी शेरा मारून खोका माळ्यावर टाकला.

तो उतरवला कल्पनाने. लग्नाआधी ती पुण्याला पाटबंधारे खात्यात नकाशे गिरवणारी ट्रेसर होती. जेवणाच्या टेबलावर तो निळा नकाशा पसरला आणि तिची बोटं शिवशिवली. उलट्या फासळ्या वाफ देऊन सोडवल्या. नकाशावर मेणकागद घातला, टाचण्या लावल्या, एकेक फासळी उभी केली. पंखांवर पातळ रंगीत फिल्म चढवायची ती घरच्याच इस्त्रीने. इस्त्री जास्त तापली तर भोक, कमी तापली तर सुरकुती. पैठण्यांना इस्त्री करण्यात जन्म गेलेल्या बाईला हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

चार महिने घर खाली बसून जेवलं.

"आई, यार, आपण डायनिंग टेबल परत कधी वापरणार?" कॉलेजातल्या वैभवीने विचारलं.

"पंख वाळले की."

उडवायला शिकवलं हिंमतराव जाधवांनी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कोरेगावचे, कँटोन्मेंटात असताना पोरांना मॉडेल विमानं शिकवायचे. आता नोएडातल्याच एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत सिक्युरिटीवर होते. त्यांची बायको गिरिजा हळदीकुंकवाला भेटली, विमानाचा विषय निघाला, आणि पुढचे सहा रविवार कल्पना 'फिरायला' जाऊ लागली. हिंमतरावांच्या जुन्या, ठिगळं लावलेल्या ग्लायडरवर हात बसला. दोनदा ते बाभळीत गेलं. विश्वासराव त्या सहाही रविवारी क्रिकेट बघत होते. बायको कुठे फिरते हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आपलं ग्लायडर पहिल्यांदा आपणच उडवायचं, एवढीच तिची इच्छा होती. फार मोठी नव्हती. पण त्या घरात तिची जागा कुठे होती ते वरच्या नोंदीवरून कळेलच.

विमान पुरं झालं तसं विश्वासरावांचं त्याच्याशी नातं वाढत गेलं. मंगळवारी ते म्हणाले, "कल्पनाने छान केलंय." गुरुवारी, "आपण छान केलंय." शनिवारी जिन्यात शेजारचे भाटियाजी भेटले तेव्हा कल्पना भाजीची पिशवी घेऊन एक पायरी मागे उभी होती आणि तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "मैंने बनाया है जी. कल सुबह आइए, पूरी सोसायटी को बुलाया है."

रविवारी सकाळी ती अंघोळीहून आली तर ग्लायडर देवापुढे. नाकावर कुंकू, पंखावर झेंडूचं फूल.

"अहो, हे काय?"

"नवीन वस्तू आहे. पूजा नको?" विश्वासराव हात पुसत म्हणाले. "आणि उडवणार मीच, काय? लोक येतायत. तुला टेन्शन नको. मी दोन रात्री पुस्तक वाचलंय."

"मी सहा रविवार..."

"तू सोड ना हाताने. ते पण महत्त्वाचं काम असतं." एवढं बोलून त्यांनी ग्लायडर गदेसारखं खांद्यावर टाकलं, नाक आकाशाकडे, शेपटी खाली, आणि सगळ्या सोसायटीला दोन फेऱ्या घालून मैदानाकडे निघाले.

सेक्टरच्या पलीकडे रस्ते टाकून झाले होते. दिव्यांचे खांब लागले होते, चौकांना नंबर होते, फक्त घरं नव्हती. मध्ये चार-पाच एकरांचं सपाट मैदान. फेब्रुवारीचं ऊन. पन्नासेक माणसं जमली, भुईमुगाच्या शेंगा निघाल्या. मिसेस भाटिया खुर्ची घेऊन आल्या होत्या आणि स्वेटर विणत होत्या.

हिंमतरावांनी आधी सगळ्यांना एका बाजूला, पाठीमागे बसवलं. "विमान उतरायच्या जागेत कुणी नाही. कुत्रंसुद्धा नाही." मूठभर वाळलेलं गवत वर उधळून वारा पाहिला. आसपास दुसरा कुणी असला रेडिओ रिमोट चालवत नाही ना, ते विचारलं. रिमोटची एरियल मिटवून तो वैभवीच्या हातात दिला आणि तिला साठ पावलं मागे पाठवलं. शेपटीच्या पट्ट्या तिथूनही हलल्या, म्हणजे रेडिओ नीट पोचत होता.

मग त्यांनी कल्पनाला हळूच विचारलं, "ताई, उडवणार तुम्ही ना?"

"पहिलं मी," विश्वासराव रिमोट छातीशी धरून म्हणाले.

हिंमतरावांनी कल्पनाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि नुसतं "बरं साहेब" म्हणून दोरीची खुंटी बघायला निघून गेले. दोन युद्धं पाहिलेला माणूस, पण नवरा-बायकोच्या मध्ये उभं राहण्याइतका धाडसी नव्हता.

दोरी म्हणजे तीस मीटर रबरी नळी आणि तिला जोडलेली शंभर मीटर नायलॉन. एक टोक वारा येत होता त्या बाजूला लांब खुंटीला. दुसऱ्या टोकाची कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात. ताणून सोडलं की पतंगासारखं वर जायचं. हिंमतराव खुंटीपाशी, अडीचशे पावलांवर. विश्वासराव रिमोट घेऊन लोकांच्या पुढ्यात. आणि कल्पनाच्या हातात ग्लायडर.

सोडण्याआधी तोल बघायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पंखांखाली खुणेच्या दोन ठिपक्यांवर दोन बोटं. काल संध्याकाळी विमान त्यावर तराजूच्या काट्यासारखं सरळ राहिलं होतं. आज शेपटी हळूहळू खाली बसली. तिने परत ठेवलं. परत बसली.

शेपटी जड म्हणजे सोडल्याबरोबर नाक वर, मग थांबेल, मग दगडासारखं खाली. हिंमतराव लांब होते. विश्वासरावांना काय दिसणार होतं? हे कळलं होतं फक्त तिला.

आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोला, तिच्या मनाने एक हिशेब मांडला. सोड. पन्नास लोकांसमोर, त्यांच्या हातून. पुन्हा रिमोटला बोट लावणार नाहीत. जन्मभर.

"अगं सोड ना! लोक थांबलेत!" विश्वासराव ओरडले.

तिने पंखाकडे पाहिलं. चौदा फासळ्या, प्रत्येकीची ओळख होती. मागे भाटियांच्या खुर्चीपाशी माणसं शेंगा सोलत होती, आणि पडणारं विमान जागा विचारून पडत नाही.

"थांबा!" ती म्हणाली. "रिमोट बंद करा. शेपटी जड झालीय, काहीतरी चुकलंय."

"काय चुकणार? शेपूट जरा जड असेल तर वर लवकर चढेल."

"अहो, तुम्ही पूजेत काय केलंत?"

"काय केलं? अक्षता टाकल्या."

"कुठे?"

"आत. झाकण उघडून. नुसतं बाहेरून काय आशीर्वाद!" विश्वासराव अभिमानाने म्हणाले. "चांगली मूठभर."

ओल्या कुंकवातल्या अक्षता, आणि वर ती गदेसारखी मिरवणूक. कल्पना मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मग पंख बांधलेले रबरबँड काढले, पंख वेगळा केला, पोटातून आत डोकावली. लाल तांदूळ शेपटीकडे घसरून तिथेच वाळून चिकटले होते.

"भाभीजी, सलाई देंगी ज़रा?"

मिसेस भाटियांनी टाके दुसऱ्या सळईवर घेतले आणि लांब सळई पुढे केली. आता सगळी सोसायटी भोवती गोळा झाली. कल्पना आतल्या तारांना धक्का न लावता खरवडत होती, नाक खाली करून टिचक्या मारत होती, आणि भाटियांच्या रुमालावर तांदूळ पडत होते.

"आई, ही तार कशाची?" वैभवीने विचारलं.

"उभ्या पट्टीची. तिने वळतं. दुसरी नाक वर-खाली करते. ही फासळी बघ, बाबांनी उलटी लावलेली, ती मी..." तिने जीभ चावली, पण फार उशीर झाला होता.

"अच्छा!" मिसेस भाटिया मोठ्याने म्हणाल्या. "तो बनाया तो आपने है!"

पन्नास माना विश्वासरावांकडे वळल्या. विश्वासराव एरियलकडे बघत होते.

कल्पनाने पंख बसवला, रबर लावले, दोन बोटं. सरळ. काट्यासारखं सरळ. ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि हात पुढे केला. "रिमोट द्या."

"तुला... पडलं तर?"

"पडलं तर माझं पडेल."

विश्वासरावांनी रिमोट दिला. एकदम नाही. बोटं एकेक करून सुटली. पण दिला.

हिंमतराव खुंटीवरून जवळजवळ पळत आले आणि सोडायला ग्लायडर हातात घेतलं. "ताई, घारी बघा!" त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. काळ्याभोर नव्या रस्त्यावर ऊन तापलं होतं आणि वर तीन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. खालून गरम हवा उठत होती.

"पट्ट्या?"

"डावी, उजवी, वर, खाली. ठीक."

"मैदान?"

"रिकामं."

"सोडू?"

"सोडा!"

दोरी करकरली आणि विमान सुटलं. नाक वर, पंख किंचित वाकलेले, फिल्ममधून ऊन आरपार, फासळ्या मोजता येत होत्या! वर, वर, आणि मग कडी सुटली, लाल फीत फडफडत खाली आली. आवाज बंद. शंभर मीटरवर तिचं विमान मोकळं तरंगत होतं.

"अरे वाह! अरे वाह!" भाटियाजींच्या शेंगा सांडल्या.

ते वळून तिच्याकडे येऊ लागलं. इथेच नवख्याचं डोकं फिरतं. तोंडावर येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं दिसतं. जो पंख खाली, त्याच बाजूला काठी टेकवायची. तिने टेकवली. पंख सावरला. तिने त्याला रस्त्यावर नेलं, घारींच्या खाली, आणि एकाएकी शेपटी उचलली गेली, जणू खालून कुणीतरी तळहात लावला. तिने वळण घट्ट केलं. एक फेरी, दुसरी. वर चढत होतं! इंजिन नाही, दोरी नाही, नुसत्या तापलेल्या डांबरावर!

"आई, तू घारींच्यात गेलीस!" वैभवी किंचाळली.

कल्पना हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं. तोंड मात्र उघडंच होतं.

"ताई, आता बास," हिंमतराव म्हणाले. "पंख ओळखू येईनात की विमान हातातून गेलं समजा."

ते खरं होतं. तिने मोह आवरला, वळण सोडलं, वाऱ्यासमोर नाक धरून हळूहळू उतरवलं. लोकांपासून लांब, गवताला पोट घासत, खरखर आवाज करत ते थांबलं. नऊ मिनिटं. टाळ्या वाजल्या.

ग्लायडर उचलून आणायला सगळ्यांच्या आधी पळाले ते विश्वासराव. धापा टाकत आले. चष्मा नाकावर घसरलेला, डोळे चमकत होते.

"कल्पना, काय उडालं गं! काय उडालं!" मग सवयीने त्यांचा हात रिमोटकडे गेला आणि मध्येच थबकला. "आता... मी काय करू?"

तिने क्षणभर विचार केला.

"तुम्ही सोडा," ती म्हणाली. "पळायचं नाही, फेकायचं नाही. पंख सरळ धरायचे आणि मी म्हणेन तेव्हाच हात उघडायचा."

विश्वासराव ग्लायडर दोन्ही हातांनी धरून दोरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी ते खाली घेतलं, पंखांखाली दोन बोटं ठेवली आणि श्वास रोखून बघत राहिले.

"सरळ आहे!" ते लांबून ओरडले.

"सोडा!" कल्पना ओरडली.