ताईचा पासवर्ड

मित्रांनो, मी आता सतरा वर्षांचा आहे. तुमच्यात या वयाला मिसरूड फुटते. आम्हा संगणकांना या वयात भंगारवाल्याची हाक ऐकू येऊ लागते. मी तर त्याच्याच गोदामात बसलो आहे, म्हणून आता काही लपवायचे कारण उरलेले नाही.

माझा जन्म एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. डबा एकीकडून आला, पंखा दुसरीकडून, आणि एका माणसाने मांडी घालून मला जोडले. मला विकत घेतले ते ताईने. ती घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून देत असे. नजर कागदावर आणि दहाही बोटे माझ्यावर. ताईंनी टाइप केलेला प्रबंध पुन्हा तपासावा लागत नाही, असे प्राध्यापक म्हणत. त्या कौतुकातला थोडा वाटा मी गुपचूप माझ्याकडे घेत असे.

घर तिच्या धाकट्या भावाचे होते. त्याला सगळे भाऊ म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. एकदा वहिनीने पाहुण्यांची यादी करायला म्हणून मला सुरू केले आणि जाताना एका प्रबंधाची चाळीस पाने पुसून गेली. ताईने ती सगळी पुन्हा टाइप केली.  दुसऱ्या दिवसापासून मी सुरू झालो की पडद्यावर एक चौकोन येऊ लागला आणि पासवर्ड मागू लागला.

तो फक्त ताईला ठाऊक होता. त्या घरात तिचे स्वतःचे कपाट नव्हते, की खोली नव्हती. तिचा म्हणावा असा तो चौकोन तेवढा होता. भाऊ कधी मला सुरू करी, चौकोन बघून चरफडे आणि बंद करी. मला त्याचा अभिमान वाटे. इतर सगळी कामे मी सांगितली म्हणून करत होतो. नाही म्हणण्याचे काम तेवढेच एक होते.

मग अप्पांना, म्हणजे ताई आणि भाऊच्या वडिलांना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताईची खाट त्यांच्या खोलीत आली, आणि पाठोपाठ मीही आलो. त्यांना कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे, सगळे तीच करी. मधल्या वेळात टाइप करी.

अप्पांना बाहेर नेता येईना, म्हणून चष्म्याच्या दुकानातला माणूस घरी येऊन नंबर तपासून गेला. तो एका पायाने लंगडत असे. एका चष्म्यासाठी तो चार वेळा आला. कधी दांडी सैल असे, कधी काच, आणि शेवटी तर काहीच सैल नव्हते. पुढे त्याची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली आणि माझ्यावरून ई-मेलने पत्रे सुरू झाली. ताईने एकदा त्याला लिहिले होते, ‘जिन्यावर तुमचं पाऊल मी लगेच ओळखायची. एक हलकं, एक जड.’ ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती.

त्याने लग्नाचे विचारले. तिने हो म्हटले आणि जेवताना घरात सांगितले. येत्या रविवारी तो भेटायला येणार होता.  वहिनीने विचारले, की अप्पांना वळवणार कोण. ताई म्हणाली, त्यांना आम्ही घेऊन जाऊ. ते भाऊला चालण्यासारखे नव्हते. वडील बहिणीच्या घरी गेले तर लोक आपल्याला काय म्हणतील, याची त्याला धास्ती होती.

गुरुवारी ताई टायपिंगच्या परीक्षेला परीक्षक म्हणून दिवसभर बाहेर होती. भाऊने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावले आणि पासवर्ड विसरलो, म्हणून सांगितले. त्याने विचारले, मशीन कुणाचे. भाऊ म्हणाला, घरचेच, ताई वापरते. ‘ताईंना एक फोन करून विचारा ना,’ तो माणूस म्हणाला. भाऊने हसून त्याच्यापुढे चहा ठेवला.

त्या माणसाने माझ्यात एक सीडी घातली, तिच्यावरून मला सुरू केले आणि पासवर्डची जागा रिकामी करून टाकली. चहा निवायच्या आत काम झाले. नंतर मी सुरू झालो तो सरळ उघडलो. तिची पत्रेही उघडली. चौकोनावर भरवसा ठेवून तिने त्यांना वेगळे कुलूप घातले नव्हते.

वहिनी अप्पांच्या पायथ्याशी बसली. भाऊ एकेक पत्र मोठ्याने वाचू लागला आणि दोघे हसू लागली. अप्पा सगळे ऐकत होते. त्यांचा डावा हात गादीवर आपटत होता. वहिनीने तो उचलून चादरीखाली घातला.

मग भाऊने दोन बोटांनी ताईच्या नावाने पत्र लिहिले. ‘वडिलांना सोडून येणं मला जमणार नाही. रविवारी येऊ नका. पुन्हा लिहू नका.’

वहिनीने वाचले. ‘एवढ्याने तो थांबायचा नाही,’ ती म्हणाली. ‘पायाचं घाला. खरं सांगायचं तर तुमचं लंगडणं मला बघवत नाही, असं लिहा.’

 भाऊने तेही लिहिले. पत्र मी पाठवले, मित्रांनो. मीच पाठवले.

तासाभरात उत्तर आले, एकाच ओळीचे. ‘तुम्हाला माझा पाय दिसतच नाही, असं मला वाटायचं. चूक माझीच.’ भाऊने दोन्ही पत्रे माझ्या कचरापेटीत टाकली.

संध्याकाळी ताई आली. मी काहीच न विचारता उघडलो, तेव्हा तिचे हात थांबले. ‘कटकटच होती ती,’ भाऊ म्हणाला. ‘तुझ्यासाठीच काढून घेतली.’

‘विचारायचं होतं,’ ती म्हणाली.

अप्पा घशातून आवाज काढत माझ्याकडे बोट दाखवत होते. तिने त्यांना पाणी पाजले. आवाज थांबेना, तेव्हा चादर ओली झाली का ते बघितले. पुढचे आठ दिवस ते रोज सांगत राहिले आणि ती रोज चादर बदलत राहिली. मग त्यांनी सांगणे सोडले.

रविवारी तो आला नाही. सोमवारी तिने त्याच्या दुकानात फोन केला. पलीकडून कुणीतरी म्हणाले, की तुमचा फोन आला तर नाही म्हणून सांगा, असे त्यांनीच सांगितले आहे. तिने पुन्हा फोन केला नाही, पत्रही लिहिले नाही. त्याचे मन बदलले, असे समजून ती अप्पांना वळवत राहिली. तीन वर्षे.

अप्पा गेल्यावर मला भंगारात द्यायचे ठरले. कुणाचे प्रबंध माझ्यात राहू नयेत, म्हणून ताई सगळे पुसायला बसली. कचरापेटी रिकामी करण्याआधी तिने ती उघडून बघितली. तिने ती दोन्ही पत्रे वाचली आणि वरची तारीखही, परीक्षेच्या त्या गुरुवारची. मग तिने भाऊला हाक मारली.

‘हे मोठ्यानं वाच,’ ती म्हणाली.

तो वाचत वाचत पायाच्या ओळीपाशी आला आणि अडला. ‘ही ओळ माझी नाही,’ तो म्हणाला.

‘म्हणजे बाकीचं तुझं.’

त्याच दुपारी तिने चष्मेवाल्याला खरे काय ते चार ओळींत लिहिले. तीन दिवसांनी उत्तर आले. त्याचा तिच्यावर विश्वास बसला होता. वर्षापूर्वी त्याचे लग्न झाले होते. ‘हे मला कळायला नको होतं,’ असे त्याने शेवटी लिहिले होते.

ताईने ते दोनदा वाचले आणि मला बंद केले. आठवड्याच्या आत तिने एका छापखान्यात नोकरी धरली आणि जवळच एक खोली घेतली. भाऊ म्हणाला, की लोक काय म्हणतील. ती पिशवी उचलून निघाली. मला तिने नेले नाही. का न्यावे?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी सांगणार नाही. धुळीने माझे काही बिघडले नाही. पण तुमच्या घरात कुणी काही झाकून ठेवले असेल, आणि ते उघडणे चहा निवायच्या आत होण्यासारखे असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. आम्हाला विचारू नका. जो सांगेल, त्याच्यासाठी आम्ही उघडतो.